ओम, वॉट आणि लिफ्ट: रॉक-मेटलसाठी गिटारचं कॅब कसं निवडावं

गिटार घेताना माणूस धोबी तलावापर्यंत जाऊन सगळी दुकानं पालथी घालतो. पेडलवरून मित्रांशी रात्र रात्र वाद घालतो. कॅबची, म्हणजे स्पीकरच्या खोक्याची, वेळ आली की मात्र ‘चार स्पीकरचं आहे, काळं आहे, भारी दिसतंय’ एवढ्यावर पैसे मोजून मोकळा होतो. खरं तर डिस्टॉर्शन लावलेल्या, म्हणजे आवाज मुद्दाम फाडलेल्या, गिटारच्या ज्या आवाजाला आपण ‘टोन’ म्हणतो, त्यातला फार मोठा हिस्सा स्पीकर आणि त्याचा खोका ठरवतात. पटत नसेल तर प्रीॲम्पचा (ॲम्पच्या पहिल्या टप्प्याचा) आवाज कॅब सिम्युलेशन, म्हणजे कॅबची डिजिटल नक्कल, बंद ठेवून थेट ऑडिओ इंटरफेसमधून (संगणकात आवाज घेणाऱ्या यंत्रातून) ऐका. कानाशी डास गुणगुणल्यासारखा तो आवाज दोन मिनिटंही सहन होत नाही. गिटारचा स्पीकर साधारण ७५ हर्ट्झपासून ५ किलोहर्ट्झपर्यंतच नीट वाजतो आणि त्यावरची किरकिर गाळून टाकतो. हाय-फाय स्पीकरच्या हिशोबाने हा दोष म्हणावा लागेल. आपलं सगळं संगीत मात्र या दोषावरच उभं आहे.

हा लेख ठाणे-नवी मुंबईत राहून रॉक किंवा मेटल वाजवणाऱ्यांसाठी आहे. इंटरनेटवरचे बहुतेक सल्ले गॅरेज, तळघर आणि स्वतःची व्हॅन असलेल्या माणसाला दिलेले असतात. आपल्याकडे वन बीएचके आहे, सोसायटीचा सेक्रेटरी आहे आणि जुलै महिना आहे. त्यामुळे आपला क्रमही वेगळा: आधी जागा आणि वाहतूक, मग ॲम्पचे ओम-वॉट (ओम म्हणजे विजेला होणारा रोध, वॉट म्हणजे ताकद), मग खोका आणि स्पीकर. ब्रँड सगळ्यात शेवटी.

कॅब राहणार कुठे आणि फिरणार कसं

४×१२ म्हणजे बारा इंची चार स्पीकरचं कॅब. ते ढोबळमानाने पाऊण मीटर रुंद आणि तेवढंच उंच असतं. वजन बनावटीप्रमाणे ३५ ते ५० किलो. घोडबंदर रोडच्या नव्या टॉवरमध्ये सामानाची लिफ्ट असते, तिथे हे एक वेळ निभावेल. नौपाड्यातली जुनी इमारत किंवा वाशी-नेरूळची सिडकोची बिनलिफ्टची चार मजली इमारत असेल, तर प्रत्येक गिगला (कार्यक्रमाला) दोन माणसं आणि जिन्याच्या वळणांवर शिव्या ठरलेल्या. शिवाय ते रिक्षात बसत नाही. दर वेळी टेम्पो करायचा, म्हणजे छोट्या गिगचं मानधन टेम्पोवाल्यालाच देऊन मोकळं व्हायचं.

२×१२ साधारण २२ ते ३२ किलोचं असतं. रिक्षाच्या मागच्या सीटवर ते मावतं आणि शेजारी तुम्ही अंग चोरून बसू शकता. हॅचबॅकची मागची सीट पाडली की हेडसकट, म्हणजे सुट्या ॲम्पसकट, आत जातं. १×१२ एकटा माणूस एका हाताने उचलतो. गर्दीची वेळ टाळली तर ट्रान्स-हार्बरच्या लगेजच्या डब्यातून ऐरोली-घणसोलीपर्यंत नेताही येतं.

आता आवाज. स्पीकरच्या कागदपत्रात ‘संवेदनशीलता’ नावाचा आकडा असतो. एक वॉट दिला तर एक मीटरवर किती डेसिबल आवाज येतो, ते तो सांगतो. सेलेशन कंपनीच्या व्हिंटेज ३० या स्पीकरचा हा आकडा १०० आहे. म्हणजे फक्त एक वॉट दिला तरी समोर १०० डेसिबल. आपल्याकडे ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे, आणि रात्र धरली आहे १० ते ६. बंद खिडकी आणि भिंत बराच आवाज अडवतात. पण पाम म्यूटचा, म्हणजे तारा तळहाताने दाबून वाजवलेला, ‘चग’ जमिनीतून आणि कॉलममधून खाली उतरतो, आणि खालच्या काकू वर येतात. म्हणून फ्लॅटमध्ये ‘मोठं कॅब घेईन, पण हळू वाजवीन’ हा बेत फसतो. स्पीकरचा कोन, म्हणजे पुढचा कागदी पडदा, हलेल इतका आवाज तिथे कधी करताच येत नाही.

माझं मत स्पष्ट आहे. फक्त घरी वाजवणार असाल तर कॅब घेऊच नका. लोड बॉक्स (ॲम्पला स्पीकरच्या जागी लावायचा डबा) किंवा मॉडेलर (ॲम्पची नक्कल करणारं डिजिटल यंत्र) घ्या, त्यात इम्पल्स रिस्पॉन्स टाका आणि चांगला हेडफोन लावा. खऱ्या कॅबला खऱ्या माइकसमोर ठेवून नोंदवलेला त्याचा स्वभाव या छोट्याशा फाइलमध्ये असतो. रात्री अकरा वाजता त्यातून येणारा टोन बेडरूममधल्या कुजबुजणाऱ्या ४×१२ पेक्षा कितीतरी सरस असतो. बँडबरोबर वाजवत असाल तर बंद पाठीचं २×१२ घ्या. रबाळे, महापे किंवा वागळे इस्टेटमध्ये चार-पाच जणांनी मिळून जॅमसाठी, म्हणजे एकत्र सरावासाठी, गाळा घेतला असेल आणि कॅब तिथून हलणारच नसेल, तरच ४×१२ चा विचार करा.

‘पण स्टेजवर कॅबची भिंतच हवी ना!’ ही हौस मलाही कळते. तिचा उगम मात्र पाहण्यासारखा आहे. १९६५ च्या सुमारास ‘द हू’ या रॉक बँडच्या पीट टाउनशेंडने ॲम्प बनवणाऱ्या जिम मार्शलकडे आठ स्पीकरचं एकच कॅब मागितलं. ते इतकं जड झालं की उचलणाऱ्यांनी हात टेकले, आणि मार्शलने त्याचे दोन भाग करून एकावर एक रचले. मार्शल स्टॅकचा जन्म असा झाला. त्या काळचे पीए, म्हणजे प्रेक्षकांसाठीचे मोठे स्पीकर, दुबळे असत, त्यामुळे गिटारचा आवाज मागच्या रांगेपर्यंत नेणं हे कॅबचंच काम होतं. आज कॅबसमोर एक माइक लागतो, तो एकाच स्पीकरला ऐकतो आणि उरलेलं पीए करतो. चारातले तीन स्पीकर प्रेक्षकांपर्यंत पोचतच नाहीत. ते असतात तुमच्या पोटरीला लागणाऱ्या हवेसाठी. ती हवा छान लागते हे कबूल, पण तिच्यासाठी रोज ४५ किलो उचलायचे का, हे ज्याचं त्याने ठरवावं.

आधी ॲम्पच्या पाठीमागे वाचा

दुकानात जाण्यापूर्वी ॲम्पच्या मागच्या बाजूचा फोटो काढून ठेवा. तिथल्या स्पीकर आउटच्या जॅकवर लिहिलेले ओम तुमच्या कॅबशी जुळले पाहिजेत. या बाबतीत व्हॉल्व्हचे आणि सॉलिड-स्टेटचे (ट्रान्झिस्टरवर चालणाऱ्या ॲम्पचे) नियम वेगळे आहेत आणि त्यांची सरमिसळ महागात पडते.

व्हॉल्व्ह ॲम्पला, म्हणजे ट्यूब ॲम्पला, आउटपुट ट्रान्सफॉर्मर असतो. १६ ओमच्या जॅकला १६ ओमचं कॅब, ८ ला ८ चं. काहीच न जोडता असा ॲम्प वाजवला तर ट्रान्सफॉर्मरमध्ये व्होल्टेज उसळतं आणि तो जळू शकतो. म्हणून स्टँडबायचं बटण काढून ॲम्प वाजता करण्याआधी स्पीकरची केबल बसली आहे ना, हे हाताने चाचपून पाहायची सवय लावा. दोन कॅब लावायची असतील तर १६ ओमची दोन मिळून ८ होतात. अनेक हेडवर ८ ओमच्या जॅकजवळ ‘एक ८ किंवा दोन १६’ असं छापलेलं असतं, त्याचा अर्थ हाच.

सॉलिड-स्टेट ॲम्पवर ‘किमान ४ ओम’ असं काहीतरी लिहिलेलं असतं. त्यापेक्षा जास्त ओम चालतात, कमी चालत नाहीत. ४ ओमला १०० वॉट देणारा ॲम्प ८ ओमला साधारण ५५-६० वॉट देतो. ऐकायला हे निम्मं वाटतं, पण कानाला पडणारा फरक तीन डेसिबलच्याही आत असतो. तेवढ्यासाठी ४ ओमचं कॅब शोधत फिरू नका.

कॅबच्या आतली जोडणीही समजून घ्या, पुढे स्पीकर बदलताना लागेल. पॅरलल जोडले की ओम निम्मे होतात आणि सिरीजमध्ये जोडले की बेरीज होते. १६ चे दोन पॅरलल म्हणजे ८. ८ चे दोन सिरीजमध्ये म्हणजे १६. ८ चे दोन पॅरलल म्हणजे ४. चार सारख्या स्पीकरच्या कॅबमध्ये दोन-दोन सिरीजमध्ये घेऊन त्या दोन जोड्या पॅरलल लावतात. त्यामुळे एका स्पीकरचे जेवढे ओम, तेवढेच अख्ख्या कॅबचे राहतात. २×१२ साठी म्हणूनच मी १६ ओमचे स्पीकर सुचवतो. दोन पॅरलल लावून ८ होतात आणि ८ ओम जवळजवळ प्रत्येक ॲम्प स्वीकारतो.

वॉटचा हिशोब त्यापेक्षा सोपा. कॅबची एकूण क्षमता ॲम्पच्या वॉटपेक्षा जास्त हवी, आणि व्हॉल्व्ह ॲम्प असेल तर दीडपट-दुप्पट असली तर उत्तम. ५० वॉटचं व्हॉल्व्ह हेड पूर्ण पिळलं की लिहिलेल्यापेक्षा बरंच जास्त ओकतं. दोन वेगळे स्पीकर एकत्र लावले तर त्यातला कमकुवत स्पीकर मर्यादा ठरवतो. ६० वॉटच्या जोडीला २५ वॉटचा बसवलात तर कॅब ८५ चं होत नाही, ५० चं होतं. कारण दोघांना वीज सारखीच वाटली जाते आणि २५ वाला आधी जळतो.

जास्त वॉट म्हणजे जास्त मोठा आवाज, हा समजही सोडून द्या. वॉट दुप्पट केले की तीन डेसिबल वाढतात. कानाला ‘दुप्पट मोठं’ वाटायला दहा डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॉट. १०० डेसिबलच्या स्पीकरला २० वॉट दिले की एका मीटरवर कागदोपत्री ११३ डेसिबल येतात. ड्रमरशी झुंजायला तेवढे पुरतात. जॅमरूममध्ये १०० वॉटचं हेड घेऊन येणारा बहुतेक वेळा व्हॉल्यूम दोनच्या पुढे नेत नाही.

खोका

रॉक आणि मेटलसाठी पाठ बंद हवी. स्पीकरचा कोन पुढची हवा ढकलतो तेव्हा मागची ओढतो. पाठ उघडी असली की मागची लाट पुढे येऊन खालच्या पट्टीतल्या आवाजाला मारते. उघड्या पाठीचं कॅब ब्लूजला आणि स्वच्छ टोनला खोलीभर पसरलेला सुंदर आवाज देतं. पण हाय गेनवर (भरपूर डिस्टॉर्शनवर) पाम म्यूट केलं की त्यात ठोसा नसतो, नुसता फुसका फुगवटा येतो. बंद खोक्यात अडकलेली हवा कोनला आवर घालते आणि म्यूट जिथे थांबायला हवा तिथेच थांबतो. एसी/डीसीच्या जातीचं हार्ड रॉक वाजवत असाल तर अर्धी उघडी पाठही गोड लागते. ड्रॉप ट्यूनिंगवर गेलात, म्हणजे तार खाली उतरवलीत, की बंदच.

लाकडाबद्दल जेवढं बोललं जातं तेवढं ते महत्त्वाचं नाही, मजबुती मात्र आहे. १८ मिलिमीटरचा बर्च प्लाय सर्वोत्तम मानला जातो आणि ऑरेंजसारख्या कंपन्यांनी त्यावर नाव कमावलं. स्वस्त कॅबमध्ये पार्टिकल बोर्ड किंवा एमडीएफ असतो. कोरड्या देशात तो चालून जातो. खाडीकाठच्या आपल्या हवेत तो खालच्या कडेने पाणी पितो, फुगतो, आणि तिसऱ्या-चौथ्या पावसाळ्यात स्क्रू पकड सोडतात. नवं असो की जुनं, कॅब उलटं करा आणि तळाच्या कडा नखाने दाबून पाहा. भुसभुशीत लागलं तर पुढचं काही पाहू नका.

पुढचा भाग सरळ की तिरका, यावर फार वेळ घालवू नका. तिरक्या कॅबचे वरचे स्पीकर कानाकडे तोंड करून असतात, त्यामुळे स्टेजवर स्वतःचं वाजवणं ऐकू येतं. सरळ कॅबमध्ये आतली जागा थोडी जास्त, म्हणून तळ, म्हणजे खालच्या पट्टीतला आवाज, थोडा भरीव. बस, एवढंच.

स्पीकर: इथे वेळ घाला

एकाच खोक्यात स्पीकर बदलला तर जेवढा फरक पडतो, तेवढा दोन पेडल बदलूनही पडत नाही. म्हणून नावं पाठ करण्यापेक्षा प्रत्येकाचा स्वभाव ओळखा.

आधी एक गैरसमज. सात तारांच्या गिटारची खालची बी तार ६१.७ हर्ट्झवर असते, आणि ड्रॉप ए म्हणजे ५५ हर्ट्झ. व्हिंटेज ३० चा स्वतःचा रेझोनन्स ७५ हर्ट्झच्या आसपास आहे. म्हणजे तुमचा मूळ स्वर स्पीकर धडपणे वाजवतच नाही. तुम्हाला ऐकू येतो तो त्याचा दुसरा, तिसरा, चौथा हार्मोनिक (मूळ स्वराच्या पटीतला वरचा स्वर), आणि मूळ स्वर मेंदू स्वतः भरून घेतो. खरा तळ बास गिटार आणि किक ड्रमचा आहे. म्हणून ‘मेटल वाजवतो, तर भरपूर बेसचा स्पीकर हवा’ हे तर्कशास्त्र उलटं आहे. एकट्याने खोलीत वाजवताना बेसने छाती भरते, आणि बँड सुरू झाला की तुम्ही गायब होता. मेटलची गिटार ऐकू येते ती मिड्समध्ये, म्हणजे मधल्या पट्टीत, ५०० हर्ट्झ ते अडीच किलोहर्ट्झच्या पट्ट्यात.

या पट्ट्याचा राजा सेलेशन व्हिंटेज ३०. नावात ३० असलं तरी क्षमता ६० वॉटची आहे. १९८० च्या दशकाच्या मध्यावर आलेला हा स्पीकर पुढे मेसा बूगीच्या रेक्टिफायर कॅबमध्ये आणि ऑरेंजच्या कॅबमध्ये बसला, आणि आधुनिक मेटलचा आवाज म्हणून कानात रुजला. दोन किलोहर्ट्झच्या जरा वर त्याला एक उंचवटा आहे, त्यामुळे तो ड्रम आणि बासच्या भिंतीतून आरपार येतो. हाच उंचवटा आधीच तिखट असलेल्या ॲम्पला टोचरा करतो. नवा कोरा असताना तर जास्तच. काही आठवडे जोरात वाजवल्यावर कोनच्या कडा सैल होतात आणि तो जरा माणसात येतो.

मार्शलच्या ‘१९६०’ या मॉडेलच्या कॅबमधला जी१२टी-७५ बरोबर उलट्या स्वभावाचा. मिड्स मागे, तळ गोलसर, वर चरचरीत. ऐंशीच्या दशकातल्या थ्रॅश मेटलचा खोलगट टोन हवा असेल तर हाच. एकटा ऐकताना अप्रतिम वाटतो, दोन गिटारच्या बँडमध्ये मात्र हरवू शकतो. त्याची संवेदनशीलता ९७ आहे, म्हणजे व्हिंटेज ३० पेक्षा तीन डेसिबल कमी. हा आकडा लक्षात ठेवा, दुकानात उपयोगी पडेल.

ग्रीनबॅक, म्हणजे जी१२एम, फक्त २५ वॉटचा आहे. जोर दिला की तो दबतो, गोड होतो, कडा मऊ करतो. साठ-सत्तरच्या दशकातल्या रॉकचा तो श्वास आहे. दोन ग्रीनबॅकच्या कॅबला ५० वॉटचं हेड लावून पिळणं म्हणजे त्याच्या जिवाशी खेळ. त्याच गोडव्यात जास्त दम हवा असेल तर ६५ वॉटचा क्रीमबॅक जी१२एम-६५ घ्या. खाली ट्यून करून वेगवान रिफ (फिरून फिरून येणारे सुरांचे तुकडे) वाजवणाऱ्यांनी जी१२के-१०० ऐकावा. १०० वॉटचा हा स्पीकर सहज दबत नाही, त्याचा तळ घट्ट राहतो आणि मिड्सचा टोचरेपणा त्यात नाही. अमेरिकेतल्या केंटकीच्या एमिनन्सचा गव्हर्नर हा व्हिंटेज ३० च्या गल्लीतलाच, आणि स्वॅम्प थांग १५० वॉटचा, तळाने भारी.

स्वस्त कॅबमध्ये बहुधा सेव्हन्टी ८० असतो. तो वाईट नाही, बेचव आहे. अशा कॅबचा खोका दणकट असेल तर बिनधास्त घ्या आणि पुढेमागे स्पीकर बदला. महागड्या नावाच्या फुसक्या खोक्यापेक्षा हा सौदा कितीतरी बरा.

आता मिश्रण. २×१२ चा मोठा फायदा हाच की दोन वेगळे स्वभाव शेजारी बसवता येतात. मेटलसाठी व्हिंटेज ३० आणि जी१२के-१००: पहिला आरपार जातो, दुसरा पाया धरतो. हार्ड रॉकसाठी व्हिंटेज ३० आणि क्रीमबॅक ६५. दोन्हींचे ओम सारखेच घ्या, नाहीतर वीज असमान वाटली जाते. संवेदनशीलतेतला फरकही पाहा. तीन डेसिबलने मोठा वाजणारा स्पीकर दुसऱ्याला झाकू शकतो. रेकॉर्डिंगला आणखी एक फायदा: माइक कुठल्या स्पीकरसमोर ठेवायचा, यावरून एकाच कॅबमधून दोन टोन मिळतात.

दुकानात किंवा जुनं घेताना

स्वतःची गिटार न्या, आणि शक्य असेल तर स्वतःचं हेड. दुकानातल्या ॲम्पवर छान वाटलेलं कॅब घरी परकं वाटतं. दोन कॅब ऐकताना दोन्हींचा आवाज कानाला सारखा करून घ्या. नाहीतर जो मोठा वाजतो तोच आवडतो, हा कानाचा जुना दुबळेपणा आहे. वर सांगितलेले तीन डेसिबल इथेच फसवतात. फोनवरचं साधं डेसिबल ॲप तुलनेपुरतं पुरतं. आणि लीड वाजवून हात दाखवायचा मोह आवरा. बंद म्यूटचा एकच रिफ पुन्हा पुन्हा वाजवा, मग सहाही तारांची उघडी कॉर्ड गेन लावून सोडा. म्यूट किती पटकन थांबतो आणि कॉर्डमधले स्वर सुटे सुटे ऐकू येतात का, एवढंच ऐकायचं. ऐकताना कॅबपासून दोन-तीन मीटर लांब आणि समोर उभे राहा.

जुनं कॅब पाहायला जाताना मल्टिमीटर आणि नऊ व्होल्टची बॅटरी खिशात ठेवा. केबल लावून दुसऱ्या टोकाला रोध मोजा. ८ ओमचं कॅब ६ ते ७ दाखवतं, १६ चं १२-१३. ८ ओमच्या पॅरलल २×१२ मध्ये अचानक १२-१३ दिसले तर एक स्पीकर मेलाय. मग बॅटरी क्षणभर केबलच्या टोकाला टेकवा, प्लस जॅकच्या टोकाशी. सगळे कोन एकत्र पुढे यायला हवेत. एक पुढे आणि एक मागे गेला तर जोडणी उलटी आहे. त्या कॅबमध्ये तळ गायब असतो आणि विकणाऱ्याला वाटतं स्पीकर गेले. हा दोष दिसला तर मनातल्या मनात हसा, भाव पाडा, घरी येऊन दोन तारा अदलाबदल करा. शेवटी कोनच्या मध्यभोवती बोटं सारखी टेकवून तो हलकेच आत दाबा. खरखर ऐकू आली तर कॉइल घासतेय. तो स्पीकर सोडून द्या.

मागचं पॅनल उघडायला सांगायला लाजू नका. लेबलवरचं मॉडेल आणि ओम स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. जाहिरातीत एक नाव आणि आत भलताच स्पीकर, हे सर्रास घडतं.

सुताराकडून करून घ्यायचं असेल तर

आपल्याकडे हा पर्याय खरोखर चांगला आहे, कारण सुतार जवळ आहे आणि तयार कॅबच्या किमतीत आयात आणि वाहतूक भरलेली असते. बंद २×१२ साठी बाहेरून साधारण ७६ सेंटिमीटर रुंद, ५१ उंच आणि ३६ खोल धरा. आत १०० लिटरच्या आसपास जागा मिळते, ती दोन स्पीकरना ऐसपैस आहे. १८ मिलिमीटरचा मरीन प्लाय घ्या, आयएस ७१० चा शिक्का पाहून. विकत घेण्याआधी फळी ठोकून बघा. पोकळ आवाज आला तर आत थरांमध्ये पोकळी आहे, आणि ती नेमकी तुमच्या आवडत्या स्वरावर झणझणेल.

सुताराला दोन गोष्टी पुन्हा पुन्हा सांगाव्या लागतात. पहिली, हे कपाट नाही. खिळे आणि बिजागऱ्या नकोत. सांध्यांना भरपूर गोंद, आतून चौकोनी पट्ट्या, आणि स्क्रू जवळजवळ. हवा कुठूनही निसटता कामा नये, म्हणून मागच्या फळीखाली फोमची टेप लावून ती दहा-बारा स्क्रूंनी आवळायची. दुसरी, भोकाचं माप. सेलेशनच्या बारा इंची स्पीकरसाठी भोक २८३ मिलिमीटरचं असतं, ३०५ चं नाही. ‘बारा इंची’ ऐकून बारा इंच कापलं की फळी वाया. बोल्ट एम५ चे आणि फळीत टी-नट (लाकडात ठोकून बसवायचा नट), म्हणजे स्पीकर कितीही वेळा काढता येतो. मागच्या फळीला आतून मध्यभागी एक आडवी पट्टी द्या, ती पुढच्या फळीला टेकलेली असली तर खोका थरथरत नाही.

बाहेरून सोफ्याचं जाड रेग्झिन उत्तम बसतं. जाळीचं कापड, जॅकची प्लेट, कोपरे आणि हँडल लॅमिंग्टन रोडला मिळतात. आतली वायर घरगुती वायरिंगचीच, दीड स्क्वेअर एमएमची तांब्याची मऊ वायर चालते. हँडल आणि कोपऱ्यांवर कंजूषी करू नका, भार त्यांच्यावरच येतो.

केबल, जागा आणि पाऊस

हेडपासून कॅबपर्यंत स्पीकर केबलच लावा. गिटारची केबल दिसायला तशीच असते, पण आतली तार केसासारखी बारीक. ती तापते, आणि व्हॉल्व्ह ॲम्पला तिचा त्रास होतो. दोन्हींचे जॅक सारखे असल्याने अंधाऱ्या स्टेजवर अदलाबदल हमखास होते. स्पीकर केबलला रंगीत टेप गुंडाळून ठेवा.

मॉडेलर आणि पॉवर ॲम्पमधून गिटार कॅबमध्ये जात असाल तर मॉडेलरमधलं कॅब सिम्युलेशन बंद करा. नाहीतर कॅबमधून कॅब ऐकल्यासारखा घोंगडीआडचा आवाज येतो. उलट फुल-रेंजच्या पॉवर्ड स्पीकरमध्ये जात असाल तर ते चालू हवं. नवी मुंबईतल्या अनेक जॅमरूममध्ये आता कॅबऐवजी असे स्पीकरच मिळतात, तेव्हा दोन्ही सेटिंग मॉडेलरमध्ये सेव्ह करून ठेवलेली बरी.

कॅब जमिनीवर, गुडघ्याच्या उंचीवर असतं आणि तुमचे कान वर असतात. बारा इंची स्पीकरचा ट्रेबल टॉर्चच्या झोतासारखा सरळ पुढे जातो, म्हणून उभ्या माणसाला आवाज मऊ वाटतो आणि तो ट्रेबल वाढवत राहतो. समोर बसलेल्यांच्या कानात तोच ट्रेबल सुईसारखा घुसतो. २×१२ भक्कम स्टुलावर किंवा दुसऱ्या खोक्यावर ठेवा, नाहीतर मागे तिरकं टेकवा. जमिनीपासून उचललं की तळाचा घुमाराही कमी होतो. कोपऱ्यात कोंबू नका, दोन भिंती मिळून बेस फुगवतात. ड्रमरच्या शेजारी न ठेवता समोरच्या बाजूला ठेवा, म्हणजे दोघांनाही एकमेकांचं ऐकू येतं आणि आवाज वाढवायची शर्यत लागत नाही.

जून ते सप्टेंबर कॅब थेट फरशीवर ठेवू नका. खाली रबरी पाय किंवा दोन पट्ट्या, आणि भिंतीपासून वीतभर अंतर. कागदाच्या कोनला ओल लागली की आवाज मंदावतो, रेग्झिनवर बुरशी येते. प्लास्टिकचं कव्हर ओल आत कोंडतं, म्हणून प्रवासापुरतंच घाला आणि घरी पोचल्यावर काढा. एरवी सुती चादर पुरे. गाळ्यातल्या कॅबची पाठ पावसाळ्यापूर्वी एकदा उघडून पाहा: वाळवी आहे का, टर्मिनल हिरवी पडलीत का, बोल्ट सैल झालेत का. जॅकमध्ये कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा मारा. बोल्ट आवळताना समोरासमोरचे दोन-दोन घेत, हलक्या हाताने. एकाच बाजूने करकचून आवळला तर स्पीकरची चौकट वाकते आणि कॉइल घासायला लागते.